दराची पाटी आणि दूरचा हात

गिंडी हे नाव मराठी वाचकाच्या कानांवरून गेले असेल, तर ते बहुधा तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे. मद्रासेत १७९४ साली भूमापन शिकविण्यासाठी जी शाळा निघाली, तिचाच हा विस्तार असून गिंडीच्या आजच्या जागेत ही संस्था १९२० साली आली. जवळच राज्यपालांचे निवासस्थान आणि हरणांचे राखीव वन आहे. याच गिंडीत १९५८ साली एक औद्योगिक वसाहत वसविण्यात आली. आपल्या देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या वसाहतींपैकी ती एक होय. यंत्रांचे सुटे भाग, साचे, विद्युत् उपकरणांच्या पेट्या अशा, बाहेरच्या माणसास किरकोळ वाटणाऱ्या परंतु ज्यांवाचून मोठे कारखाने एक दिवसही चालणार नाहीत अशा वस्तू तेथील लहान लहान शेडांत तयार होत आल्या आहेत.

या पुस्तिकामालेसाठी दूरनियंत्रणावरील एका निबंधाचे भाषांतर मी करीत असता त्यात पेट्रोल पंपांवरील विजेच्या दरफलकांचा उल्लेख आला. पूर्वी दर बदलण्यासाठी माणसास शिडीवर चढावे लागे, आता जमिनीवर उभे राहून कळ दाबली की दर बदलतो, असा त्या परिच्छेदाचा आशय होता. भाषांतर करण्यास त्यात काहीच अवघड नव्हते. तरीही कळ दाबली की दर बदलतो हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडले. मराठीत ते जितके सरळ उतरत होते तितकी वस्तुस्थिती सरळ आहे काय, अशी शंका मनात आली. पुढे चेन्नईस जाण्याचा योग आला, तेव्हा एका परिचित प्राध्यापकांच्या ओळखीने गिंडीच्या वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात असे फलक तयार होताना पाहावयास मिळाले. या लेखातील मते मात्र सर्वस्वी माझी आहेत. त्यांची जबाबदारी त्या प्राध्यापकांवर वा त्या कारखानदारावर नाही.

शेडच्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यार नदीचे पाणी तेथवर आले होते. त्या रेघेच्या खाली कारखानदार आता एकही विद्युत् जोडणी ठेवीत नाही. मध्यभागी दोन लाकडी घोड्यांवर सहा फूट उंचीचा फलक उताणा पडला होता व त्याच्या काळ्या तोंडावर लाल आकडे पेटले होते. कारखानदाराने काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी हातात घेतली, तो रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने कळ दाबली. आकडे बदलले. "पाहिलेत का, अम्मा?" असे त्याने तेथूनच विचारले. त्याला आपल्या कामाचे कौतुक वाटत होते आणि ते रास्तच होते. परंतु माझ्या ध्यानात राहिली ती निराळीच गोष्ट. कळ दाबल्यावर त्याने मान उंच करून, टाचा वर उचलून फलकाकडे पाहिले. हातातली डबी त्याला काहीच सांगत नव्हती. दर बदलला की नाही, हे जाणण्यास त्यालाही तुमच्या-आमच्याप्रमाणे डोळ्यांचाच आधार होता.

दूरवरच्या वस्तूस तारेवाचून हुकूम देण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यात भर सभेमध्ये अदृश्य विद्युत् लहरी भिंतींआडून पाठवून घंटा वाजवून दाखविली व दारूचा बार उडवून दाखविला. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव अशाच रीतीने फिरविली. या प्रयोगांत प्रेक्षकांची खात्री कशाने पटली? घंटेचा आवाज ऐकू आला, नाव वळलेली दिसली. म्हणजे परिणाम हीच पोच होती. प्रयोगशाळेत आणि सभागृहात हे पुरते. रस्त्यावर, जेथे कळ दाबणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा असतो, तेथे ते पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या देशात दरफलकांस दूरनियंत्रणाची गरज का भासू लागली, हेही पाहिले पाहिजे. पेट्रोलचे भाव सरकार ठरवीत असे त्या काळी ते वर्षातून काही मोजक्या वेळाच बदलत. पत्र्याच्या पाट्यांवर रंगविलेले आकडे खिळ्यांना अडकविलेले असत, आणि भाव बदलला की पंपावरचा पोरगा शिडी लावून एक पाटी काढी व दुसरी अडकवी. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या. त्यानंतरही काही काळ तेल कंपन्या पंधरवड्यातून एकदा दराचा विचार करीत. १ मे २०१७ पासून पुदुच्चेरी, विशाखापट्टणम, उदयपूर, जमशेदपूर आणि चंडीगड या ५ शहरांत दर रोजच्या रोज बदलण्याचा प्रयोग झाला व १६ जून २०१७ पासून ती रीत सर्व देशभर लागू झाली.

या शेवटच्या बदलाची एक हकीगत अभियंत्यांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. नवा दर मध्यरात्री अमलात यावा अशी मूळची योजना होती. पंपचालकांनी तिला हरकत घेतली. ज्या पंपांवर दर आपोआप बदलण्याची व्यवस्था नव्हती, तेथे रोज मध्यरात्री जबाबदार माणूस हजर ठेवणे भाग होते. अखेर वेळ बदलून सकाळी ६ ची ठरली. भावाचे गणित कितीही वर, आंतरराष्ट्रीय बाजारात वा मुख्यालयात, होवो. त्याचे शेवटचे टोक कोणा एका माणसाच्या झोपेशी आणि शिडीशी बांधलेले असते. पुढे कित्येकदा असेही झाले की महिनोन् महिने दर हलला नाही. मार्च २०२४ मध्ये लिटरमागे २ रुपयांची कपात झाली, तीही बऱ्याच काळाच्या स्तब्धतेनंतर. परंतु दर रोज बदलो अथवा वर्षातून एकदा, बदलेल त्या सकाळी फलक खरा बोलला पाहिजे.

शिडीची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. वीस-पंचवीस फूट उंचीवर, कधी विजेच्या तारांच्या शेजारी, पावसाने निसरड्या झालेल्या लोखंडावर चढून आकडे बदलणे हे धोक्याचे काम आहे आणि ते करणारा माणूस पंपावरील सर्वांत कमी पगाराचा असतो. त्याला खाली आणणारे कोणतेही यंत्र माझ्या मते स्वागतार्हच. मात्र शिडीचा एक गुण होता. माणूस पाटीसमोर उभा राही, चुकीची पाटी लागली तर त्याच्याच डोळ्यांसमोर असे, आणि दर बदलत आहे ही गोष्ट सर्व रस्त्यास दिसे. यंत्र आणताना शिडीचा धोका काढून टाकावयाचा होता. हा गुणही त्याच्याबरोबर निघून गेला, आणि त्याची कोणी नोंदसुद्धा घेतली नाही.

आता यंत्राकडे वळू. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाचे दूरनियंत्रक बहुधा अवरक्त किरणांवर चालते. रस्त्याकडेच्या फलकास ते उपयोगी नाही, कारण भर उन्हात सूर्याच्या अवरक्त किरणांपुढे त्या क्षीण संदेशाचा टिकाव लागत नाही, आणि मध्ये काही आले की तो अडतो. म्हणून येथे रेडिओ लहरी वापरतात. हातातील डबी हा प्रेषक. फलकाच्या पोटात ग्राही असतो. कळ दाबली की प्रेषक एक छोटासा संकेत हवेत सोडतो. त्यात आरंभीची खूण, मग त्या विशिष्ट फलकाचा क्रमांक, मग दराचे आकडे आणि शेवटी ताळ्याचे काही अंक असतात. ग्राही ते सारे ऐकून घेतो, ताळा करून पाहतो आणि तो जुळला तरच आकडे बदलतो. सावधगिरी म्हणून प्रेषक तोच संदेश अनेकदा उच्चारतो.

ताळा जुळला नाही तर काय होते? काहीच होत नाही. चुकीचा संदेश टाकून देणे हे ग्राहीचे कर्तव्यच आहे व ते तो चोख बजावतो. परंतु त्याचा परिणाम असा की फलकावर कालचा दर, अगदी ठसठशीत आणि निर्दोष रूपात, तसाच झळकत राहतो. संदेश बिघडावयास फार मोठे कारण लागते असेही नाही. या लहरींची लांबी, ८६६ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेस, सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पंपावर टाकी भरण्यासाठी तेलाचा टँकर येऊन उभा राहिला, तर ती पोलादी भिंत अशा लहरींस परतवून लावण्यास पुरेशी आहे. छपराच्या पत्र्यावरून आणि टँकरवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींस मारक होऊन नेमक्या ग्राहीच्या जागी संदेश दुर्बल होऊ शकतो. आणि टँकरमागे उभ्या असलेल्या माणसास फलकही दिसत नाही. तो कळ दाबतो, डबी खिशात घालतो आणि कामास लागतो.

दुसरा दोष आकड्यांच्या घडणीतला आहे. या फलकांवरील प्रत्येक अंक सात पट्ट्यांचा बनतो, हे वाचकांनी पाहिले असेलच. (या सात पट्ट्यांत देवनागरी अंक बसविण्याचा प्रयत्न मी कागदावर करून पाहिला, दोन-तीन अंकांपलीकडे तो साधत नाही. आपल्या रस्त्यांवरून मराठी आकडे नाहीसे होण्याचे एक कारण कोणाचे धोरण नसून ही भूमिती आहे.) प्रत्येक पट्टीत प्रकाश देणाऱ्या द्विप्रस्थांची, म्हणजे आपण ज्यांना एलईडी म्हणतो त्यांची, माळ असते. ते एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने एकाचा मार्ग तुटला की ती माळ विझते. एकच पट्टी विझल्यावर पुष्कळदा अर्थहीन आकृती उरते व पाहणाऱ्यास बिघाड कळून येतो. पण नेहमी तसे होत नाही. आठातील मधली पट्टी गेली की शून्य उरते, वरची उजवी गेली की सहा, खालची डावी गेली की नऊ. नवातील वरची उजवी गेली तर पाच होतो, वरची डावी गेली तर तीन. सहातील खालची डावी जाऊन पाच, आणि सातातील वरची आडवी जाऊन एक. नेहमीच्या घडणीच्या आकड्यांत एका पट्टीच्या लोपाने एका अंकाचा दुसरा खरा अंक होण्याचे असे सातच प्रकार आहेत. त्यांतील सहा प्रकारांत दिसणारा अंक मूळ अंकाहून लहान असतो. आठाचा नऊ होणे हाच काय तो अपवाद.

याचा अर्थ असा की बिघडलेला फलक बहुतेक वेळा स्वस्ताई दाखवितो. वाहनचालक तो दर वाचून आत वळतो, टाकी भरून घेतो आणि भरणी यंत्रावरचा आकडा पाहून संतापतो. त्या संतापाची पहिली मानकरी ठरते नळी हातात धरून उभी असलेली मुलगी, जिने फलकही लावला नाही आणि दरही ठरविला नाही. फसविणारा कोणीच नाही, तरी फसवणूक मात्र झाली आहे, अशी ही विचित्र अवस्था आहे. परभणीच्या माणसास हे निराळे समजावून सांगावयास नको. वाहतुकीच्या खर्चामुळे गावोगावचे दर वेगळे असतात, आणि राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलाचे गाव म्हणून परभणीचे नाव कितीदा तरी वर्तमानपत्रांत आले आहे. तेथे पाटीवरील पैशांचा आकडादेखील लोक वाचून जातात.

यंत्राने आपल्या मर्यादेविषयी मौन पाळले की काय होते, याचे एक उदाहरण २०२१ सालचे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत भोपाळ येथे उंची प्रतीच्या पेट्रोलाचा भाव लिटरला १०० रुपयांपार गेला. तेथील काही जुन्या भरणी यंत्रांस दरासाठी रुपयांचे दोनच अंक दाखविता येत होते. त्यामुळे काही पंपांनी ती विक्रीच थांबविली. त्या पंपचालकांनी योग्य तेच केले, असे मी म्हणेन. चुकीचा आकडा दाखविण्यापेक्षा विक्री बंद ठेवणे बरे. हीच वृत्ती यंत्राच्याच अंगी बाणविता येणार नाही काय?

तिसरा प्रश्न लबाडीचा. आतापर्यंत बिघाडाविषयी बोललो, कारण बिघाड रोज घडतो व लबाडी क्वचित. तरीही तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. ज्या दूरनियंत्रकाचा संकेत कधीच बदलत नाही, त्याचा संदेश कोणासही जवळ बसून टिपून ठेवता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा सोडता येतो. टिपणाऱ्यास त्यातील एक अक्षरही समजण्याची आवश्यकता नाही, पोपटाने ऐकलेले वाक्य म्हणावे तसा तो संदेश पुन्हा म्हटला जातो आणि फलक तो मानतो. मोटारींच्या कुलपांवर हाच प्रसंग आला, तेव्हा दर वेळी पुढे सरकणारा संकेत वापरात आला. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघालेली कीलॉक ही पद्धत त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तीदेखील पुढे संशोधकांनी फोडली, म्हणून संकेताचा प्रकार कायमचा ठरवून हातावर हात ठेवून बसता येत नाही. इतके असूनही एकदा वापरलेला संदेश दुसऱ्यांदा न मानणे हा किमान शिष्टाचार प्रत्येक दरफलकास ठाऊक असावयास हवा.

लबाडी क्वचित म्हटले, पण दूरनियंत्रक आणि पेट्रोल पंप या जोडीचा आपला पूर्वानुभव चांगला नाही. एप्रिल २०१७ मध्ये लखनौ येथील पंपांवर उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष दलाने छापे घातले, तेव्हा भरणी यंत्रांत बसविलेल्या लहानशा चकत्या सापडल्या. त्या दूरनियंत्रकाने हव्या तेव्हा चालू वा बंद करता येत आणि चालू असता माप कमी भरे. तपासणीस कोणी आले की कळ दाबावी, माप चोख. त्यानंतर त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत पंपांची झडती घेतली व मापात फेरफार करणारी साधने जप्त केली. म्हणजे दरफलकाची सोय आणि मापाची चोरी या दोहोंच्या मुळाशी तंत्र एकच आहे: खिशातील डबी, हवेतील संकेत, यंत्रातील ग्राही. सामान्य माणसाने या दोहोंत भेद कसा करावा? पंपावरील माणूस कळ दाबताना दिसला की त्याने संशय घ्यावा, की तो दर लावीत आहे असे समजून स्वस्थ राहावे?

याचे उत्तर कायद्याने द्यावयाचे असते. मापाच्या बाबतीत ते दिलेलेही आहे. २००९ च्या वैध मापन कायद्यान्वये भरणी यंत्राची ठरावीक मुदतीने पडताळणी होते व त्यावर सरकारी मुद्रा लागते. शंका आल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापात तेल भरून दाखविण्याची मागणी कोणाही ग्राहकास करता येते आणि त्यात २५ मिलिलिटरहून अधिक फरक चालत नाही. दरफलक मात्र ना वजन ना माप. तो केवळ पाटी ठरतो, आणि त्याचे पोट उघडून आतील ग्राही कोणाचे ऐकतो हे पाहण्यास मुद्रेचा अधिकारी येत नाही. पाटी पत्र्याची होती तोवर हे ठीक होते. पत्र्याला कान नव्हते. आता पाटीस कान फुटले आहेत, तेव्हा ती कोणाचे ऐकते हा सार्वजनिक प्रश्न झाला आहे.

माझे मत थोडक्यात असे. जेथे पंपाच्या कचेरीपासून फलकापर्यंत तार नेता येते, तेथे दूरनियंत्रक नसावाच. भरणी यंत्रास जो दर मुख्यालयाकडून मिळतो, तोच त्याच तारेने फलकास मिळावा, म्हणजे दोन ठिकाणी दोन दर असण्याचा संभव फार कमी राहील. भरणी यंत्राचा दर आपोआप बदलावा आणि फलकाचा मात्र डबीने, ही मधली अवस्था सर्वांत वाईट. पण काँक्रीटचे आवार फोडून, जमिनीखालील टाक्या व नळ चुकवून चर खणणे हे खर्चाचे आणि जोखमीचे काम असते, हेही खरे. गिंडीच्या त्या कारखानदाराने मला भिंतीवरील रेघ पुन्हा एकदा दाखविली. २०१५ च्या पुरात जमिनीखालच्या नळ्यांत पाणी शिरून कित्येक तारा निकामी झाल्या, रेडिओला ती भीती नाही, असे त्याचे म्हणणे. ते मी मान्य केले. रेडिओ वापरावा, पण तो दुतर्फा असावा. फलकाने संदेश मिळाल्याची पोच द्यावी, एवढेच नव्हे तर आपल्या अंगावर प्रत्यक्ष कोणते आकडे पेटले आहेत ते उलट कळवावे. प्रत्येक पट्टीतून किती विद्युत् प्रवाह वाहतो हे मोजणे आजच्या अर्धवाहक साधनांना मुळीच जड नाही. आणि एखादी पट्टी विझली असल्यास सबंध दर काळा करावा. काळा फलक पाहून चालक आत येऊन विचारील, खोटा फलक पाहून विचारणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. ग्राहीबरोबर एक छोटा प्रेषकही बसवावयाचा म्हणजे खर्च वाढणारच. परंतु फलकाची बहुतांश किंमत त्याच्या पेटीत, खांबात आणि दिव्यांत असते, संदेशाच्या भागात नव्हे. दुसरा आक्षेप असा की भरणी यंत्रावर खरा दर लिहिलेलाच असतो, तो पाहून तेल भरून घ्यावे. हा आक्षेप करणाऱ्याने भर पावसात, मागे वाहनांची रांग कर्णे वाजवीत असता, स्कूटरवर मूल बसवून तेल भरून पाहावे. दर दर्शनी जागी लावण्याचे बंधन घातले जाते ते याचसाठी की माणसाला रस्त्यावरूनच, वळण्यापूर्वी, निवड करता यावी.

कंप्रतेविषयीही येथे सांगितले पाहिजे, कारण परदेशी बनावटीचे फलक मागविणाऱ्यांचे त्याकडे लक्ष नसते. अमेरिकेत अशा साधनांस ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्‌झ हा भाग भ्रमणध्वनीने व्यापलेला असून फोनचा मनोऱ्याकडे जाणारा आवाज त्यातून जातो. तेथे दरफलकाने बोलावयास लागणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून गप्पा मारणे होय, आणि ते बेकायदाही आहे. आपल्याकडे २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवान्यावाचून खुला झाला व पुढे तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. परवाना लागत नसला, तरी उपकरणास केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाची मान्यता लागते. गिंडीतील वा भोसरीतील लहान कारखानदारास ही मान्यता, तिच्या चाचण्या व तिचे कागद हेच मोठे संकट वाटते. गिंडीहून थोड्याच अंतरावर तरमणी येथे समीर या सरकारी संस्थेचे विद्युत्‌चुंबकीय चाचण्यांचे केंद्र आहे. ही संस्था १९८४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कामातून वेगळी निघाली. अशा केंद्रांत दरफलकांची चाचणी करताना त्यांच्या लहरी इतरांस त्रास देत नाहीत ना, एवढे पाहून थांबू नये. फलक पोच देतो का, जुना संदेश नाकारतो का, आणि एक पट्टी उपटली तर काळा होतो का, याही चाचण्या जोडाव्यात, व त्या लहान कारखानदारांस परवडतील अशा दराने व्हाव्यात.

भाषांतरकाराच्या नात्याने एक अडचण नमूद करते. संदेश ऐकणाऱ्या यंत्रास काही मराठी ग्रंथांत ग्राही म्हटले आहे, काहींत ग्राहक. मूळ निबंधाचे भाषांतर करताना मी प्रथम ग्राहक हाच शब्द योजला होता, तो कानाला अधिक मराठी वाटतो. पण पुढच्याच परिच्छेदात पेट्रोल घेणारा ग्राहक आला आणि वाक्याचा घोळ झाला. चुकीचा संदेश आल्यास ग्राहक तो निमूटपणे टाकून देतो व कोणास काही कळवीत नाही, असे ते वाक्य झाले होते. यंत्राविषयी ते अक्षरशः खरे होते. माणसाविषयी ते खरे असू नये, म्हणून मी शब्द बदलला.

दर बदलतो या मूळ वाक्याचे भाषांतर मी शेवटी असे केले आहे: कळ दाबली की दर बदलण्याचा संदेश जातो. वाक्य लांबले आहे आणि मूळ लेखकाचा झोक त्यात उतरलेला नाही, याची मला कल्पना आहे. संपादकांनी ते तसेच राहू दिले. दुतर्फा फलक करता येईल का, असे मी त्या कारखानदारास निघताना विचारले होते. करता येईल, असे त्याने सांगितले. आठवडाभराचे काम आहे, नमुना एकदा करूनही पाहिला होता, तो वरच्या फळीवर आहे. विकत मात्र कोणी मागितला नाही.